पाडाबाईचा ओळंबा

मित्रांनो, जरा थांबा. मी अजून हलतोय.

हलत असताना मला काही विचारायचं नसतं. पण तुम्ही आलाच आहात आणि मलाही राहवत नाही, तेव्हा हलता हलताच सांगतो. एवढंच लक्षात ठेवा: मी डावीकडे गेलो की गोष्ट जुन्या घराकडची, उजवीकडे गेलो की नव्या घराकडची. झोका हळूहळू लहान होईल आणि शेवटी मी थांबेन. थांबल्यावर जे सांगेन ते सगळ्यात नीट ऐका.

मी पितळेचा ओळंबा. वर गोल, खाली निमुळता. भोवऱ्यासारखा दिसतो म्हणून पोरं मला फिरवायला बघतात. माझं काम मात्र न फिरता लोंबकळत राहायचं आणि भिंत सरळ आहे की नाही ते सांगायचं.

डावीकडे, हातभर

मामांचं एक छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याचं छप्पर, तेलाचा वास, जमिनीवर पितळेचा कुरळा कीस. तिथल्या लेथ मशीनवर एका सळईच्या तुकड्यातून मी जन्मलो. मामांची भाची इंजिनियर झाली होती आणि दुसऱ्या दिवसापासून बांधकामावर जाणार होती.

"मामा, आता लेझर असतो हो," ती म्हणाली.

"असू दे की. त्याची बॅटरी उतरली की तो झोपतो. हा झोपत नाही."

मामांनी माझी जाडी चाळीस मिलिमीटर ठेवली. मग एका जुन्या चौकटीच्या लाकडातून एक ठोकळी कापली, तीही बरोबर चाळीस. ठोकळीच्या मधोमध भोक पाडून दोरी ओवली आणि दोरीच्या टोकाला मला बांधलं. ठोकळी भिंतीला वर टेकवायची, मला खाली सोडायचं. भिंत सरळ असेल तर मी तिला नुसता शिवतो. मध्ये फट राहिली तर भिंत वरून पुढे झुकलेली. मी भिंतीवर रेललो तर ती मागे कललेली. सगळी विद्या एवढीच. पण ती चालते कशावर? आम्ही दोघं एकाच मापाचे, यावर.

मामांनी आम्हाला शेजारी शेजारी धरलं आणि दोघांवरून नख फिरवलं. नख कुठे अडखळलं नाही.

"रोज कामाला लावण्याआधी असं नख फिरवायचं," मामा म्हणाले. "मग कुठल्याही भिंतीशी खुशाल भांड."

ती भांडलीच. पहिल्याच आठवड्यात. दवाखान्याची भिंत छातीपर्यंत आली होती. तिने मला सोडलं, मी थांबेपर्यंत ती थांबली, आणि म्हणाली, "पाडा."

मुख्य गवंडी तिच्या वडिलांच्या वयाचे. त्यांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. "काय पाडा?"

"वरच्या पाच ओळी."

"बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी भिंती उभ्या करतोय."

तिने वाद घातला नाही. दोरी त्यांच्या हातात दिली. गवंडीबाबांनी मला सोडलं, वाकून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं, मग उगाच दुसरा डोळा मिटून पाहिलं. आणि मजुरांकडे वळून म्हणाले, "ऐकलं नाही का? पाडा!"

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं पाडाबाई. अर्थात पाठीमागे. तिला ते तिसऱ्या दिवशी कळलं आणि चौथ्या दिवशी तिने साईटवरचा फोन उचलून सांगितलं, "हां, पाडाबाई बोलतेय." तिच्या मागून वीस माणसं हसली. मग भिंती सरळ यायला लागल्या. गवंडीबाबा मुद्दाम तिला हाक मारायचे, "या, लावा तुमचा पितळ्या! आज नाही तुमच्या तोंडून तो शब्द ऐकायचा." मी भिंतीला अलगद शिवलो की त्यांची छाती फुगायची. माझीही.

एक शाळा, एक इस्पितळ, पाण्याच्या दोन टाक्या. माझी दोरी कितीदा बदलली त्याचा हिशेब नाही. अकरा वर्षं असंच गेलं आणि आणखी वीस वर्षं असंच जाणार होतं, पण

उजवीकडे, हातभर

पण पाडाबाईला नवरा होता. चांगला होता, म्हणूनच अडचण. वाईट असता तर भांडून मोकळी झाली असती.

तो एका मोठ्या कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात होता. कंपनीने त्यालाच उचलून दुसऱ्या देशात नेमलं.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "फार तर तीन."

"आणि मी?"

"तू आणि आपली टिकली माझ्याबरोबर. म्हणजे… तुला तिकडे काम करायची परवानगी नसेल. निदान सुरुवातीला. पण अगं, अकरा वर्षं उन्हात उभी आहेस. जरा बस की!"

"मला बसता येत नाही."

"शिकशील."

मागच्या वेळी तिच्या इस्पितळाचं काम अर्धं होतं म्हणून त्याने स्वतःची बदली नाकारली होती. आता तिची पाळी, असं कुणी तोंडाने म्हणालं नाही. न बोलता ते घरभर होतं.

शेवटच्या दिवशी तिने हेल्मेट परत केलं. गवंडीबाबा म्हणाले, "बाई, तिकडच्यांना तरी सुखाने बांधू द्या." ती सगळ्यांबरोबर हसली. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिली.

त्या धांदलीत एक चूक झाली. माझ्या ठोकळीचं भोक दोरी घासून घासून मोठं झालं होतं. त्यात पितळी कडी बसवायला ती मामांकडे दिली होती. परत आणायची राहिली. मी एकटाच नवऱ्याच्या लोकरी मोज्यात गुंडाळला गेलो.

विमानतळावर बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने मला मोज्यातून बाहेर काढलं.

"हे हत्यार आहे?"

"नाही. भिंत सरळ आहे का ते बघायचं असतं."

"भिंत तर डोळ्यांनी दिसते."

"तेच तर," पाडाबाई म्हणाली. अधिकाऱ्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला परत मोज्यात घातलं.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर. पांढऱ्या भिंती, करड्या फरशा, खिडकीतून दिसणारं अंगण आणि अंगणाची विटांची भिंत. आल्यावर महिन्याभराने तिला एक कार्ड मिळालं. त्यावर फोटो, आणि फोटोखाली: अवलंबित जोडीदार. त्याखाली बारीक अक्षरात: काम करण्यास मनाई. मला त्या पहिल्या शब्दांचं काही वाटलं नाही. मी जन्मभर कुणाच्या तरी हाताला लटकूनच काम केलंय. तिला मात्र ते कार्ड पाकिटात पालथं ठेवायची सवय लागली.

टिकलीच्या शाळेचा फॉर्म आला. टिकली म्हणजे त्यांची सहा वर्षांची मुलगी. 'वडिलांचा व्यवसाय' नवऱ्याने भरला. 'आईचा व्यवसाय' यापुढे पाडाबाईने पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. शेवटी तिथे शाईचा एक ठिपका राहिला. फॉर्म तसाच गेला.

डावीकडे, वीतभर

राहायचं उजवीकडे आणि मन सगळं डावीकडे. सकाळी आठला तिचे पाय आपोआप बूट शोधायचे. नवरा आणि टिकली गेले की ती घरातल्या घरात चालायची. दारापासून खिडकीपर्यंत बावीस पावलं, खिडकीपासून दारापर्यंत एकवीस. एक पाऊल कुठे जातं ते शोधायला परत बावीस.

ती गवंडीबाबांना फोन करायची.

"जिन्याच्या भिंतीचं काय झालं?"

"कुठल्या जिन्याच्या?"

"अहो, मागच्या!"

"तो होय! झाला की. नवीन साहेब आहेत आता. बरे आहेत. पाडत नाहीत." मग ते जोरात हसायचे, आणि तिला वाटायचं, आपण नसल्याचा सगळ्यांना आराम पडला. फोन आठवड्याचे पंधरवड्यावर गेले. मग

माझी गत काय सांगू? मला खिडकीच्या पडद्याच्या दोरीला वजन म्हणून बांधलं होतं. वारा आला की मी काचेवर टकटक करायचो. ठोकळी नाही, भिंत नाही, कुणी थांबून बघणारं नाही. पाडाबाई हातात झाडू घेऊन माझ्याकडे बघत उभी राहायची. तिच्याकडे बघून मला वाटायचं, आम्ही दोघंही नुसते टकटक करतोय.

उजवीकडे, वीतभर

नवऱ्याला दिसत होतं. त्याला काय करावं ते कळत नव्हतं, इतकंच. तो हजार माणसांना कामाला लावायचा आणि घरातल्या एका माणसाला लावता येईना.

एका रविवारी त्याने टिकलीच्या खेळातला एक लाकडी ठोकळा घेतला, त्याला मधोमध भोक पाडलं, दोरी ओवली आणि मला तिच्या टोकाला बांधून जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"घे. तुझा माणूस कामावर रुजू झाला."

पाडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. आणि मला घेऊन थेट भिंतीशी गेली.

मित्रांनो, त्या क्षणी मी ओरडत होतो: नख! नख फिरव! पण ओळंब्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? तो ठोकळा अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा होता. आठ जास्त. शेजारी ठेवला असता तर टिकलीलाही दिसलं असतं. पण तो असतो वर, मी असतो खाली. मध्ये दोन मीटर दोरी.

तिने ठोकळा भिंतीला टेकवला. मी थांबलो. माझ्यात आणि भिंतीत चार मिलिमीटरची फट.

"अरे, बघ! ही भिंत पुढे आलीय!" तिचा आवाज किती दिवसांनी असा आला होता. ती समोरच्या भिंतीशी गेली. चार मिलिमीटर. आतल्या खोलीत गेली. चार. तिने वही काढली, रकाने आखले, तारीख घातली. बैठकीच्या चार भिंती, झोपायच्या खोलीच्या चार, जिन्याच्या दोन. सगळ्या आतल्या बाजूला झुकलेल्या. सगळ्या चार.

"मला वाटतच होतं," ती म्हणाली. "हे घर अंगावर येतंय असं मला रोज वाटायचं. ते खरंच येतंय!"

शेवटी ती अंगणात गेली आणि विटांच्या भिंतीला मला लावलं. मी भिंतीला अलगद शिवलो. वहीत तिने शून्य लिहिलं. "एवढी एकच सरळ आहे," टिकलीला म्हणाली. "इथेच खेळत जा."

या भिंतीपलीकडून उताराची पायवाट जाते. सगळी पोरं त्याच वाटेने शाळेत जातात.

पाडाबाईने दोन पानी तक्रार लिहिली: इमारतीच्या भिंती आत कलत आहेत, तातडीने तपासणी करावी. इमारतीची देखभाल एक उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ करायचे. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, म्हणून टिकलीने त्यांचं नाव किल्लीवाले काका ठेवलं होतं. काका तक्रार घेऊन आले. बरोबर लेझरचं यंत्र होतं. त्यांनी ते फरशीवर ठेवलं, भिंतीवर उभी लाल रेघ उमटली. वर मोजलं, खाली मोजलं. दुसरी भिंत. तिसरी. सगळीकडे तेच.

"ताई, भिंती जागच्या जागी आहेत," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेने म्हणाले, "दिवसभर एकटं घरात बसलं की असं होतं. माझ्या बायकोलाही व्हायचं. रोज थोडं फिरून येत जा."

किल्ल्यांचा आवाज जिना उतरून गेला. पाडाबाईने मला ठोकळ्यासकट गुंडाळलं आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात टाकलं, संपलेल्या बॅटऱ्या आणि सुट्या बटणांत.

शाळेने फॉर्म परत पाठवला होता: एक जागा रिकामी राहिली आहे. या वेळी तिने लगेच लिहिलं: काही नाही.

टिकली नुकतीच वाचायला शिकली होती. तिने अक्षरावर बोट ठेवून वाचलं. "आई, तू काही नाही आहेस?"

खणाच्या फटीतून मला फॉर्मची घडी घातल्याचा आवाज तेवढा आला.

डावीकडे, चार बोटं

तीन आठवडे मी त्या खणात होतो. मग एका सकाळी मामांचा फोन आला. चेहरा दिसतो तसला. मामांचा अर्धा चेहरा आणि बरंचसं छप्पर दिसत होतं.

"पितळ्या काय म्हणतो?"

"मामा, मी माझं काम विसरले." आणि तिने सगळं सांगितलं. हसत हसत सांगायला गेली, पण लाल रेघेपाशी आवाज फाटला.

मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "थांब. सगळ्या भिंती चार?"

"सगळ्या."

"कुठे तीन नाही? पाच नाही?"

"नाही म्हटलं ना, मामा. आत झुकलेल्या, आणि सगळ्या चार."

"पोरी, माझा जन्म मशीनवर गेला. माणूस इतका सारखा चुकत नाही. एक गवंडी इकडे चुकेल, दुसरा तिकडे. इतकं सारखं फक्त अवजार चुकतं." फोनवर छप्पर हललं आणि त्यांचा हात दिसला. हातात माझी ठोकळी. भोकात नवी पितळी कडी. "तुझी ठोकळी तर ही बघ. मग तिकडे तू लावलंस काय?"

पाडाबाईने फोन टेबलावर टाकला. खण ओढला. बटणं घरभर उडाली. तिने मला आणि त्या ठोकळ्याला शेजारी धरलं आणि नख फिरवलं.

नख अडखळलं. चांगलंच.

नवरा दाढी अर्धी टाकून बाहेर आला होता. "मी केला होता तो. साधारण तेवढाच वाटला."

"साधारण?"

"मला वाटलं, तुला आवडेल."

"आवडलाच रे. म्हणून तर नख फिरवलं नाही." ती खाली बटणांत बसली. "आणि खरं सांगू? मला भिंती वाकड्याच हव्या होत्या."

तो साबण लागलेल्या गालाने तिच्याशेजारी बसला. "मी माप घ्यायला हवं होतं," तो म्हणाला. "फक्त ठोकळ्याचं नाही."

टेबलावरून मामांचा आवाज आला, "अरे कुणी आहे का? मला नुसता पंखा दिसतोय!"

उजवीकडे, बोटभर

तिने तो ठोकळा घासायला घेतला. काचकागद आणला आणि दोन्ही बाजूंनी सारखा, दोन दिवस घासला. थोडं घासायचं, मोजायचं. थोडं घासायचं, मोजायचं. टिकली भुसा गोळा करायची. अठ्ठेचाळीसचे चव्वेचाळीस, बेचाळीस. चाळीस. नख फिरवलं. नख वाहत गेलं.

मग भिंती. मी बैठकीच्या भिंतीला शिवलो. समोरच्या भिंतीला शिवलो. एकेक भिंत मागे सरकून आपल्या जागी उभी राहिली आणि खोली खोलीएवढी झाली. पाडाबाई वही घेऊन बसली. चुकीचा आकडा तिने खोडला नाही. त्याच्यापुढे खरा लिहिला. चार म्हणजे शून्य. चार म्हणजे शून्य. चार म्हणजे

शेवटची ओळ. अंगणाची भिंत: शून्य.

पेन्सिल थांबली. चारचं शून्य होत असेल, तर शून्याचं काय?

चपला घालायलाही ती थांबली नाही. अंगणाला वळसा घालून ती पलीकडच्या पायवाटेवर गेली, ठोकळी भिंतीच्या माथ्याशी टेकवली, मला सोडलं. मी हलत होतो. तिला घाई होती, तरी ती थांबली. मी थांबलो. भिंत वाटेवर झुकली होती. माझ्यात आणि भिंतीत तिचं बोट मावलं.

अकरा मिलिमीटर.

तीन आठवड्यांपूर्वी, तिचं ते फसवं शून्य होतं तेव्हा, खरे चार, बाहेरच्या बाजूला. आज अकरा. म्हणजे भिंत चालत होती. आणि हे सांगणारी सगळ्या जगात एकच गोष्ट होती: चुकलेल्या दिवसांत तारीख घालून नीट लिहिलेली ती वही.

किल्लीवाले काका अंगणात भिंतीलगतच्या वाफ्याला पाणी घालत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ट्रकभर माती आणून तो वाफा केला होता. त्यांचा जीव होता त्यावर.

"काका, ही भिंत बाहेर कलतेय. वाफ्याची माती तिला ढकलतेय, आणि पाणी पायात मुरतंय. आजच्या आज वाट बंद करा."

काकांनी नळी बाजूला धरली. "ताई, परवा घर आत येत होतं. आज भिंत बाहेर चालली. आता काय, माझी फुलं ढकलतायत?"

"परवा माझं अवजार चुकलं होतं. मी चुकले होते."

"मग आज कशावरून नाही?"

पाडाबाईकडे परवानगी नव्हती, शिक्का नव्हता, आणि शब्दाची पत स्वतःच्याच हाताने घालवलेली. शाळा सुटायला पाऊण तास होता.

डावीकडे, तसूभर

गवंडीबाबा. उगाच दुसरा डोळा मिटलेला.

उजवीकडे, तसूभर

तिने वाद घातला नाही. आधी ठोकळी आणि मला शेजारी धरून काकांना नख फिरवायला लावलं. मग दोरी त्यांच्याच हातात दिली. "तुम्हीच बघा. माझ्यावर विश्वास नका ठेवू."

काका पायवाटेवर आले. त्यांनी मला सोडलं. वाकले. फटीत बोट घातलं. बोट गेलं.

"अकरा मिलिमीटरने काय होतं?" ते म्हणाले, पण आवाज आधीचा नव्हता.

"किती झुकलीय ते सोडा. ती चालतेय. उद्या सकाळपर्यंत बघू या. पण तोवर इथून एकही पोर जाता कामा नये."

काकांनी भिंतीच्या माथ्याशी खिळा मारून ठोकळी त्याला बांधली. माझ्या टोकाखाली फरशीचा तुकडा ठेवून त्यावर पेन्सिलीने टिंब केलं. हात त्यांचा, टिंब त्यांचं. शाळा सुटली तेव्हा पाडाबाई वाटेच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी होती. पोरं कुरकुरत लांबच्या वाटेने गेली. एक आई म्हणाली, "तुम्ही कोण सांगणाऱ्या?" पाडाबाईने हात खाली केले नाहीत.

सकाळी काकाच आधी आले होते. उकिडवे बसून टिंबाकडे बघत होते. माझं टोक टिंबावर नव्हतं. दोन मिलिमीटर पुढे गेलं होतं.

"ताई," ते म्हणाले. ऊन असूनही त्यांनी अंगावरचा कोट घट्ट केला. "माझा नातू जातो इथून."

उजवीकडे, केसभर

दुपारी माणसं आली. दोन्हीकडून वाट बंद केली, माती उपसली. कामगारांच्या मुकादमाने भिंतीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काकांनी पाडाबाईकडे बघितलं.

ती तिथल्या भाषेत अडखळायची. हा शब्द अडखळला नाही.

"पाडा."

वरून एकेक वीट उतरवली. खालच्या ओळींपाशी आले तेव्हा मुकादमाने वीट नुसती उचलली. हातोडी लागलीच नाही. मधला चुना ओल्या पिठासारखा त्याच्या बोटांना लागला. त्याने ती बोटं सगळ्यांना दाखवली.

कामाच्या कागदावर काकांना लिहायचं होतं: कुणाच्या सांगण्यावरून.

"इंजिनियर लिहू नका," ती म्हणाली. "मला परवानगी नाही."

काकांनी पेनचं मागचं टोक चावलं आणि लिहिलं: तिसऱ्या मजल्यावरच्या ताई. भिंती बघतात.

संध्याकाळी तिने शाळेकडून नवा फॉर्म मागवला. 'आईचा व्यवसाय' यापुढे तेच दोन शब्द लिहिले: भिंती बघते. टिकलीने बोट ठेवून वाचलं आणि मान डोलावली, जणू तिला हे आधीपासून माहीत होतं.

कार्डावर अजून तेच लिहिलंय. पाडाबाई तिथली परीक्षा द्यायची म्हणून अभ्यास करते. तिला दीड वर्ष लागेल, कदाचित जास्त. काही सकाळी अजून बूट घालून दारात उभी राहते. बावीस आणि एकवीसचा घोळ मिटलेला नाही. मामा म्हणाले, ठोकळी पार्सलने पाठवतो.

"नको," ती म्हणाली. "ती तिथेच राहू दे. इथली पण आता चाळीस आहे."

मध्ये

थांबलो.

मित्रांनो, आता ऐका. ओळंबा घरात असेल तर त्याला पडद्याला बांधू नका, त्याची दोरी कुजू देऊ नका, आणि त्याची ठोकळी दुसऱ्याची लावलीत तर आधी नख फिरवा. कितीही मायेने दिलेली असली तरी. मायेने दिलेली असेल तर दोनदा फिरवा.

आणि कुणी आपलं सगळं सोडून तुमच्या शेजारी राहायला आलं, तर दुसऱ्याच दिवशी "रुळलात का?" असं विचारू नका. ती हलत असते. बसून राहा म्हणू नका, फिरून या म्हणू नका. दोरी घट्ट धरा आणि वाट बघा.

थांबली की ती सांगेल. तेव्हा फटीत बोट घालून बघा.